मनाचा डॉक्टर मोबाइलवर; पण सोबत कोण?

उन्हाळा लागला की खानदेशातली अर्धी वस्ती रात्री गच्चीवर जाते. दिवसभर तापलेल्या स्लॅबवर पाणी शिंपडायचे, गाद्या टाकायच्या आणि वाऱ्याची वाट पाहत पडून राहायचे, हा जळगाव-धुळ्याचा जुना रिवाज. अलीकडच्या काही वर्षांत या गच्चीला आणखी एक उपयोग सापडला आहे. रात्री नऊ-साडेनऊला घरातली कॉलेजात जाणारी मुलगी कानात इअरफोन घालून जिना चढते. "मैत्रिणीचा फोन आहे," एवढेच खाली सांगितलेले असते. पाण्याच्या टाकीआड बसून ती पाऊण तास हळू आवाजात बोलते, मधूनच डोळे पुसते आणि खाली येऊन मुकाट्याने झोपते. पलीकडे मैत्रीण नसते. पुण्यातला किंवा बंगळूरचा एखादा समुपदेशक असतो आणि त्याची फी आधीच मोबाइलवरून गेलेली असते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर लिखाणाच्या निमित्ताने मी जळगावच्या अभ्यासिकांतून, धुळ्याच्या महाविद्यालयांतून, चोपडा-यावलच्या केळीपट्ट्यातून बराच हिंडलो. स्पर्धा परीक्षेची मुले, नव्याने लग्न झालेल्या मुली, कर्जाचे हप्ते थकलेले शेतकरी यांच्याशी बोलताना हा गच्चीवरचा फोन इतक्या वेळा कानावर आला की, त्याची दखल घेणे भाग पडले. कुणाला परीक्षेच्या नुसत्या विचाराने घाम फुटतो. कुणाला रात्र रात्र झोप नाही. कुणाला आपण कवडीच्याही मोलाचे नाही, असे वाटते. चिंता, ताण आणि स्वतःची किंमत न वाटणे ही तीन दुखणी घेऊन आमची मुले पडद्यावरच्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागली आहेत.

घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, "हे खूळ की औषध?" माझ्या मते हे औषध आहे. मात्र आज ते ज्या रीतीने मिळते आहे, त्या रीतीने ते ज्याच्या घराला गच्ची आहे, त्यालाच मिळते. ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्यापर्यंत ते पोचायचे असेल, तर मध्ये एक माणूस लागेल. तो माणूस कोणता, हे सांगण्यासाठी हा लेख.

'मना जीव घाबरस'

आपल्याकडे मनाचे दुखणे मनाचे म्हणून येतच नाही. ते छातीत धडधडते, पोटात गोळा होऊन बसते, हातापायांना मुंग्या आणते. साक्री-शिंदखेड्याकडची बाई डॉक्टरांपुढे बसली की म्हणते, "मना जीव घाबरस. काई सुचत नही." मग रक्तदाब बघितला जातो, ईसीजी निघतो, कधी सोनोग्राफी होते. सगळे ठीक निघते. डॉक्टर म्हणतात, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." बाई घरी येते आणि घरची माणसे म्हणतात, "बघ, काहीच नव्हते. उगाच खर्च." जीव घाबरायचा तो घाबरतोच. आता तो गुपचूप घाबरतो, एवढाच फरक.

बंगळूरच्या 'निमहान्स' या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तिच्यानुसार प्रौढांपैकी साधारण दर दहावा माणूस कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्रस्त होता आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्यांच्या संख्येत आपले राज्य देशात पहिले होते. २२ हजारांहून अधिक माणसे आपण त्या एका वर्षात गमावली. त्यांच्यापैकी किती जणांनी त्याआधी "जीव घाबरतो" असे कुणाला सांगून पाहिले असेल?

पूर्वी माणसे मोकळी व्हायची कुठे? आखाजीला सासुरवाशीण माहेरी यायची. लिंबाच्या फांदीला झोका बांधला जायचा आणि उंच झोक्यावर मैत्रिणींच्या साथीने सासू, नणंद, दीर या साऱ्यांचा उद्धार गाण्यातून व्हायचा. मनात साठलेले सगळे चार दिवसांत बाहेर पडायचे आणि गाणे असल्यामुळे त्याचा जाब कुणी विचारत नसे. पहाटे जात्यावर बसलेली बाई दगडाशी बोलायची. पुरुषांना पार होता, बाजाराचा दिवस होता. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी शाळेची पायरी न चढता मनाच्या चंचलपणावर जी कविता केली, ती याच जात्याशी आणि शेताच्या बांधाशी बोलता बोलता. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची हस्तलिखिते जपून ठेवली आहेत. त्या समर्थांनी मनाला समजावण्यासाठी २०५ श्लोक लिहिले. मनाशी बोलावे लागते, हे आपल्याला कुणा परदेशी माणसाने शिकवलेले नाही.

जाते गेले, पिठाची गिरणी आली. त्यात वाईट काही नाही. आखाजीला मुलगी येते, पण दोन दिवसांची रजा घेऊन, आणि तेही फोन हातात धरून. पारावर राजकारण बोलले जाते, मन नाही. एकुलता एक मुलगा पुण्याला खोली घेऊन राहतो. ऐकणाऱ्यांची ही सगळी जुनी व्यवस्था उठली आणि तिच्या जागी दुसरी बसली नाही. त्या रिकाम्या जागेत हा मोबाइलवरचा समुपदेशक आला आहे.

दूरचे शब्द

पडद्यावर बोलून का कुठे मन बरे होते, अशी शंका पुष्कळांना येते. मला ती फारशी येत नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ऐकायला राजकीय कैदी होते. उद्याची खात्री नसलेली, घरापासून तुटलेली ही माणसे. साने गुरुजींनी ती प्रवचने उतरवून घेतली म्हणून ती तुरुंगाच्या भिंतीबाहेर गेली आणि बोलणाऱ्याला कधीही न पाहिलेल्या लाखो घरांना त्यांनी धीर दिला. याच गुरुजींनी पुढे पुतणीला लिहिलेली पत्रे महाराष्ट्रातल्या किती मुलींनी आपल्यालाच आली आहेत असे समजून वाचली! शब्दाला अंतराची अडचण नसते. मनाच्या कोपऱ्यातले बोलायला तर कधी कधी समोर चेहरा नसलेलाच बरा असतो.

आणि गुरुजींचे नाव निघालेच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणाऱ्या, वसतिगृहातल्या मुलांना आईची माया देणाऱ्या या माणसाने ११ जून १९५० रोजी स्वतःच जीवनयात्रा संपवली. त्यांच्या मनात काय चालले होते, याचा निवाडा आज करू नये. पण मनाचे दुखणे भित्र्याला, आळशाला, देवधर्म न करणाऱ्याला होते, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने खानदेशात तरी ही तारीख आठवावी.

या उपचारात नेमके होते काय? पुष्कळांचा समज असा की, समुपदेशक गोड बोलतो, धीर देतो आणि पैसे घेतो. नुसत्या गोड बोलण्याला कुणी पैसे देऊ नयेत. चिंता आणि निराशा यांवर आज जगभर जी पद्धत सर्वाधिक वापरली जाते, तिचा पाया अमेरिकेत अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक या दोघांनी १९५० आणि ६० च्या दशकांत घातला. तिचे सूत्र साधे आहे. प्रसंग आपल्याला जेवढा छळतो, त्याहून अधिक त्या प्रसंगाविषयीचा आपला विचार छळतो. "परीक्षेत नापास झालो तर वाईट होईल," हा विचार ठीक. "नापास झालो तर मी मेल्यातच जमा," हा विचार माणसाला परीक्षेच्या आधीच मारतो. समुपदेशक हा विचार कागदावर लिहायला लावतो, त्याचा पुरावा मागतो आणि त्याच्या जागी खरा, पेलवणारा विचार ठेवायचा सराव करून घेतो. भीती वाटते म्हणून टाळलेल्या गोष्टी पायरीपायरीने करायला लावतो. दर आठवड्याला एक बैठक, मधल्या दिवसांत गृहपाठ आणि बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत फरक जाणवतो. मराठीत ही पद्धत 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून रुजवणारे मुंबईचे कि. मो. फडके हे न्यूयॉर्कच्या एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करत होते. म्हणजे ही विद्या महाराष्ट्रात आली, तीच मुळी टपालाने.

स्वतःची किंमत न वाटणे हा प्रकार मला बँकेच्या भाषेत चटकन समजतो. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की, आम्ही ते खाते अनुत्पादक म्हणून नोंदवायचो. तो शिक्का त्या खात्यावर असायचा, खातेदारावर नव्हे. जळगावच्या अभ्यासिकेत सहा-सहा वर्षे बसलेला, तिशी ओलांडलेला, लग्नाच्या बाजारात ज्याला स्थळे येत नाहीत, असा मुलगा तो शिक्का स्वतःच्या कपाळावर मारून घेतो. "काका, मी एनपीए झालो," असे मला एकाने हसत हसत सांगितले. त्याचे हसणे मला बरे वाटले नाही. अशा मुलाची नुसती स्तुती करून भागत नाही, कारण ती त्याला खोटी वाटते. एलिस यांचे म्हणणे असे की, माणसाने आपल्या कामाला गुण द्यावेत, स्वतःला देऊ नयेत. हे वाक्य ऐकायला सोपे आहे; अंगी बाणायला पाच-सहा महिने लागू शकतात. त्यासाठीच शिकलेला माणूस समोर लागतो.

आता, हे पडद्यावरून होते का? स्वीडन, ऑस्ट्रेलिया या देशांत गेली पंचवीस वर्षे यावर काम चालू आहे. स्टॉकहोममध्ये २००७ पासून इंटरनेटवरून मानसोपचार देणारा स्वतंत्र विभाग आहे. सौम्य आणि मध्यम स्वरूपाची चिंता आणि निराशा यांत, शिकलेल्या माणसाची साथ असेल, तर इंटरनेटवरचे उपचार समोरासमोरच्या उपचारांच्या तोडीचे ठरतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र साथ काढून घेतली आणि रुग्णाच्या हाती नुसते ॲप ठेवले, तर गुण कमी येतो आणि पुष्कळ जण उपचार मध्येच सोडून देतात. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो कामाला येणार आहे.

आमच्यासारख्या जिल्ह्यांना तर याची निकड जास्तच. सरकारची जुनी मोठी मनोरुग्णालये चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. खानदेशाच्या वाट्याला त्यांतले एकही नाही. जळगाव आणि धुळ्याला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, खासगी मनोविकारतज्ज्ञही आहेत. पण गाव लहान. दवाखान्याबाहेर उभी असलेली मोटारसायकल कुणाची, हे पानटपरीवाल्याला ठाऊक असते आणि संध्याकाळपर्यंत ते सोयरिकीपर्यंत पोचते. मोबाइलवरच्या उपचाराला पाटी नाही, प्रतीक्षागृह नाही. मुलींना तो जवळचा वाटतो याचे निम्मे कारण हेच आहे.

चार अडचणी

पहिली अडचण खोलीची. पाऊण तास मोकळेपणाने बोलायचे, तर दार लावता येईल अशी जागा हवी. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात तिथे सून सासूविषयी बोलणार कशी? फोन तरी तिचा आहे का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच आढळला. तो साधा की इंटरनेट असलेला, हा पुढचा प्रश्न.

दुसरी अडचण भाषेची. २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोली मातृभाषा म्हणून सांगणारे साडेअठरा लाख लोक होते. केळीपट्ट्यातली लेवा गणबोली वेगळी, सातपुड्यातल्या पावरा-भिल्लांच्या बोली वेगळ्या. माणूस हिशेब कोणत्याही भाषेत करू शकतो, रडतो मात्र आपल्याच बोलीत. इंग्रजी मिसळलेल्या पुणेरी मराठीत "तुम्हाला त्या क्षणी नेमके काय फील झाले?" असे विचारले, तर शिरपूरकडच्या शेतकऱ्याने काय उत्तर द्यावे? तो "बरं शे" म्हणेल आणि फोन ठेवेल.

तिसरी अडचण पैशाची. खासगी समुपदेशकाची एका बैठकीची फी बहुधा हजार रुपयांच्या मागेपुढे असते. दहा बैठका म्हणजे दहा हजार. केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या मजुराने हा विचार करूच नये, असाच त्याचा अर्थ. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आरोग्य विमा देणाऱ्या कंपन्यांवर शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण देण्याचे बंधन घातले आहे. पण आठवड्याच्या बैठकीची फी विम्यातून मिळवणे सोपे नाही, आणि मजुराकडे विमा आहे कुठे?

चौथी अडचण विश्वासाची. बँकेत खाते उघडायला आलेल्या माणसाकडे आम्ही फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा मागायचो. आपले सर्वस्व ज्याला सांगायचे, त्याची ओळख मात्र लोक तपासत नाहीत. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि औषध तोच देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. 'समुपदेशक' आणि 'लाइफ कोच' या पाट्या मात्र चार दिवसांची कार्यशाळा केलेला माणूसही लावतो. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? खरा जाणकार तो आनंदाने सांगतो.

विश्वासाला आणखी एक बाजू आहे. फिनलंडमध्ये 'वास्तामो' नावाची मानसोपचार केंद्रांची मोठी साखळी होती. तिच्या संगणकातून हजारो रुग्णांच्या बैठकांची टिपणे चोरीला गेली आणि २०२० मध्ये चोराने एकेका रुग्णाला संदेश पाठवून खंडणी मागितली. कंपनी बुडाली, चोराला २०२४ मध्ये शिक्षा झाली. पण ज्यांची गुपिते उघड्यावर पडली, त्यांना ती परत कोण देणार? अमेरिकेत 'बेटरहेल्प' या ऑनलाइन समुपदेशनाच्या बड्या कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक वगैरे कंपन्यांना पुरवल्याचा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. कायद्याचा दात लागेपर्यंत ग्राहकाने स्वतःच सावध राहिलेले बरे.

आता तर माणसाऐवजी यंत्रच समुपदेशक होऊन बसले आहे. रात्री दोनला जागा असलेला मुलगा त्याच्याशी बोलतो, कारण ते थकत नाही आणि पैसे मागत नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' नावाचा साधा संगणक कार्यक्रम तयार केला. तो समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा. त्यांच्या सचिव बाईंना हे सगळे माहीत होते. तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर त्यांनी साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. आजची यंत्रे कितीतरी हुशार आहेत. म्हणूनच त्यांचा मोह मोठा आहे. पण तुम्ही गप्प झालात तर ते यंत्र शेजाऱ्याला हाक मारत नाही, दार वाजवत नाही. मनात मरणाचे विचार येत असलेल्या माणसाने त्याच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे.

मनाचा 'बँक मित्र'

आता मघाच्या त्या माणसाकडे येतो. आमच्या शाखांत संगणक आले, मग सगळ्या शाखा तारेने जोडल्या गेल्या, एटीएम आले. मुंबईच्या कार्यालयातून परिपत्रके यायची की, आता खेडे बँकेशी जोडले गेले. प्रत्यक्षात म्हातारी एटीएमसमोर उभी राहायची आणि रखवालदाराच्या हातात कार्ड देऊन आकडाही मोठ्याने सांगायची. यंत्र गावात आले होते, बँक आली नव्हती. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये बँकांना गावोगाव प्रतिनिधी नेमायला परवानगी दिली. २०१४ च्या जनधन योजनेत 'बँक मित्र' हे नाव रुळले. किराणा दुकानाच्या ओट्यावर अंगठ्याचे यंत्र घेऊन बसणारा, अहिराणीत बोलणारा, गावातलाच मुलगा. त्याने जे केले, ते नेट बँकिंगने खेड्यात कधीच केले नसते. यंत्र तेच, तार तीच. मध्ये एक ओळखीचा माणूस आला.

मनाच्या उपचारालाही हाच मार्ग आहे, आणि ही नुसती माझी कल्पना नाही. शेजारच्या गोव्यात 'संगथ' ही संस्था १९९६ पासून काम करते. मानसशास्त्राची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तिने प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसवले. निराशेच्या विकारावर सहा ते आठ बैठकांचा आखीव कार्यक्रम, वर जाणकारांची देखरेख. नेहमीच्या उपचारांपेक्षा याने अधिक लोक बरे झाले, हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्तींना हेच शिक्षण मोबाइलवरून देण्याचा प्रयोग झाला.

आफ्रिकेतल्या झिंबाब्वेची गोष्ट तर आपल्या ओट्याचीच वाटावी. डिक्सन चिबांडा नावाच्या मनोविकारतज्ज्ञाची एक रुग्ण तरुणी दवाखान्यात पुन्हा आलीच नाही. तिने जीव दिला होता. यायला बसचे भाडे नव्हते, असे तिच्या आईने सांगितले. डॉक्टरांनी मग २००६ मध्ये वस्तीतल्या आज्यांना शिकवले आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसवले. लोक त्या आजीशेजारी बसून मन मोकळे करतात आणि आजी एकेका अडचणीवर वाट शोधायला मदत करते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या बाकाचा गुण स्पष्ट दिसला.

आपल्याकडे याचे सुटे भाग तयार आहेत, जोडणी तेवढी बाकी आहे. केंद्र सरकारची 'टेलि मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक, चोवीस तास, फुकट. पहिल्या दोन वर्षांतच तिच्याकडे दहा लाखांहून अधिक फोन आले. तिच्या भाषांत मराठी आहे, अहिराणी नाही. 'ई-संजीवनी' या दूरवैद्यक सेवेत उपकेंद्रातला आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसतो आणि पडद्यावर मोठ्या रुग्णालयातला डॉक्टर असतो. आशा ताई गावोगाव आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. मग पारोळा, धरणगाव, साक्री, शिरपूर या तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आठवड्यातून एक दुपार, एक पडदा लावलेली खोली, एक पडद्याचे यंत्र आणि गावची बोली बोलणारी, यासाठी शिकवलेली आणि यासाठी वेगळे मानधन मिळणारी एक बाई एवढे का होऊ नये? "मना जीव घाबरस" याचा अर्थ ती पलीकडच्या तज्ज्ञाला सांगेल. तज्ज्ञाने दिलेला गृहपाठ पुढच्या आठवड्यात तीच विचारेल. आणि एखादी बाई आलीच नाही, तर तिच्या दारापर्यंत जाईल. यंत्राला जमत नाही ते हेच.

यावर एक आक्षेप मला धुळ्याच्या एका शिक्षिकेने घेतला आणि तो वजनदार आहे. "गावातलीच बाई असली तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला कळेल. तुमचा बँक मित्रही काही सगळीकडे धुतल्या तांदळासारखा नाही." खरे आहे. अंगठा घेऊन पैसे हडपणारे प्रतिनिधीही निघाले. त्यावर बँकांनी प्रतिनिधी बंद केले नाहीत, तपासणी वाढवली. इथेही गुप्ततेचे शिक्षण, वरची देखरेख आणि शक्यतो शेजारच्या गावातली बाई असा नियम ठेवता येईल. कायद्याने मानसिक आजाराच्या माहितीची गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे, हे तिला पहिल्या दिवशी शिकवावे. आणि ज्याला थेट फोनवरच बोलायचे आहे, त्याची ती वाट उघडीच राहील.

घरच्यांनी काय करावे

हे सगळे सरकारने करीपर्यंत घर थांबू शकत नाही. दोन-तीन आठवडे झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, नेहमीच्या गोष्टींत जीव लागत नसेल, छातीतल्या धडधडीला डॉक्टरांनी शारीरिक कारण नाही असे सांगितले असेल, तर समुपदेशकाशी बोलायला हरकत नाही. फोनवरून बोलले तरी चालते. भ्रम होत असतील, माणूस बेफाम वागत असेल किंवा मरणाची भाषा करत असेल, तर मात्र फोनवर वेळ न घालवता त्याला घेऊन रुग्णालय गाठावे आणि त्याला एकटे सोडू नये. समुपदेशक निवडताना शिक्षण आणि नोंदणी विचारावी. आपल्या बोलण्याची टिपणे कुठे राहतात, हेही विचारावे. पाच-सहा बैठकांनंतर काही फरक नसेल, तर माणूस बदलावा किंवा मनोविकारतज्ज्ञाला दाखवावे. तिसऱ्याच बैठकीत वर्षभराचे पॅकेज गळ्यात मारणाऱ्यापासून दूर राहावे. कर्ज वाटपाच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यामुळे ही खूण मला चांगली ठाऊक आहे.

आणि शेवटचे आईवडिलांना, सासूसासऱ्यांना. मुलगी किंवा सून आठवड्यातून एक तास कुणाशी बोलते आहे असे कळले, तर तिला टाकीआड बसायला लावू नका. घरातली एक खोली तेवढा वेळ रिकामी करून द्या, दूरदर्शन संचाचा आवाज कमी ठेवा, लहान मुलांना अंगणात न्या. ती बाहेर आली की, काय बोललीस म्हणून विचारू नका. चहा टाका. सांगावेसे वाटले तर ती आपणहून सांगेल.